साठाव्या पायरीनंतर

(अभ्यासपाठ : वार्धक्य, देहबल आणि दीर्घायुष्य)



तामिळनाडूत कावेरीच्या तीरी वसलेले कुंभकोणम हे नगर महाराष्ट्रापासून दूर असले, तरी मराठी माणसास ते अगदीच परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. ते १८५५ साली खालसा झाले. तथापि त्या राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत स्थायिक झालेल्या कित्येक घराण्यांत तंजावरी वळणाची मराठी त्यानंतरही बोलली जात राहिली.

ह्या कुंभकोणमच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर स्वामिमलै नावाचे स्थान आहे. तेथील मुरुगनचे देवालय उंचावर असून वर जाण्यास साठ पायऱ्या चढाव्या लागतात. पंचांगातील प्रभव, विभव आदी साठ संवत्सरे आपणांस ऐकून ठाऊक आहेत. त्यांतील एकेका संवत्सराचे नाव तेथे एकेका पायरीस दिलेले आहे. जणू माणसाचे आयुष्य म्हणजे साठ वर्षांची एक चढण! त्याच प्रदेशात, मयिलाडुतुरैजवळच्या तिरुक्कडैयूर येथे, साठी पूर्ण झालेली जोडपी पुन्हा एकदा विवाहविधी करतात. कोणी ऐंशीव्या वर्षीही तेथे जातात.

आपल्या उपासनेची रीत निराळी आहे. परंतु ह्या साठ पायऱ्या आपणांसमोर जो प्रश्न उभा करतात तो सर्वांचाच आहे. साठावी पायरी चढून झाल्यावर पुढे काय? आपल्या घरांत ह्या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर असते : "आता पुष्कळ केलेत, आता स्वस्थ बसा." हे उत्तर प्रेमाने दिले जाते. वडील माणसाच्या हातची पिशवी घेतली जाते, पाण्याचा पेला जागेवर दिला जातो आणि जिना चढू नये म्हणून खोली खाली हलविली जाते. हे प्रेम खरे असते, ह्यात शंका नाही. पण ते हितकर असते काय? वृद्धापकाळी शरीर चपळ व सबळ राखणे ह्याचा दीर्घायुष्याशी कितपत संबंध आहे, हे आजच्या पाठात पाहावयाचे आहे.

१. एका उदाहरणावरून अनुमान काढू नये

प्रथम एक सावधगिरी. एखादे आजोबा रोज चार मैल चालत आणि नव्वद वर्षे जगले. दुसरे कोणी आयुष्यभर बैठे काम करूनही तितकेच जगले. अशा गोष्टींवरून काहीच सिद्ध होत नाही. कुंभकोणमशी नाते असलेल्या तीन थोर पुरुषांचीच आयुष्ये पाहा. गणिती श्रीनिवास रामानुजन ह्यांचे बालपण व शिक्षण ह्याच गावी झाले. १९२० साली ते वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मृत्यू पावले. त्रावणकोर, इंदूर व बडोदा ह्या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमला १८२८ साली मराठी घराण्यात जन्मले. ते १८९१ साली ६२ व्या वर्षी निवर्तले. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन ह्यांचा जन्मही कुंभकोणमचाच, १९२५ सालचा. ते २०२३ साली ९८ व्या वर्षी निधन पावले. बत्तीस, बासष्ट आणि अठ्ठ्याण्णव! गाव एक, पण आयुष्ये किती निरनिराळी! रोग, अन्न, औषधोपचार, आनुवंशिकता, काळ ह्या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. यास्तव शारीरिक श्रमाचा वाटा किती हे ठरवावयाचे असेल, तर एकादोघांची नव्हे, हजारो माणसांची तुलना केली पाहिजे.

तशी तुलना प्रथम लंडन शहरात झाली, आणि योगायोग असा की तीही पायऱ्यांवरूनच झाली.

२. बसचा चालक व बसचा वाहक

जेरेमी मॉरिस ह्या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने लंडनच्या वाहतूकसेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या व १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील बसगाड्या दुमजली. चालक दिवसभर एका जागी बसून राही. तिकिटे देणारा वाहक मात्र दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे-उतरे. दोघेही एकाच सेवेत, साधारण एकाच सामाजिक स्थितीतले. तरी हृदयविकार चालकांत अधिक आढळला, आणि वाहकांत तो आढळला तर उशिरा व सौम्य स्वरूपात.

येथे चिकित्सक वाचक विचारील : जे मुळातच धडधाकट होते तेच वाहक झाले नसतील कशावरून? मॉरिस ह्यांनाही हा प्रश्न पडला. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा नोकरीस लागतानाच चालकांची कंबर वाहकांपेक्षा मोठी असल्याचे दिसून आले. म्हणजे काही फरक आधीपासूनचा होता. हे त्यांनी लपविले नाही. १९५६ साली तेही प्रसिद्ध केले. सत्याची चाड असलेल्या संशोधकाचे हे लक्षण होय. तथापि पुढे इतर व्यवसायांतील माणसांची तुलना केल्यावरही हालचालीचा लाभ दिसतच राहिला. स्वतः मॉरिस वार्धक्यातही नियमाने व्यायाम करीत. त्यांना ९९ वर्षांचे आयुष्य लाभले. अर्थात वर सांगितल्याप्रमाणे हेही एकच उदाहरण. त्यावर इमारत उभारू नये.

३. किती वर्षे वाढतात?

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर ह्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळजवळ १७ हजार माजी विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, चालणे, जिने चढणे, खेळणे ह्यांत आठवड्याला २००० किंवा अधिक उष्मांक खर्च करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बैठ्या लोकांपेक्षा पाव ते तृतीयांश हिश्शाने कमी होते. ऐंशीव्या वर्षापर्यंत हिशेब केला, तर सरासरी आयुष्यात भर पडली ती एक ते दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाची.

वाचकहो, हा आकडा नीट ध्यानी घ्या. एवढाली खटपट करून केवळ एक-दोन वर्षे? होय, सरासरीने तेवढीच. जे लोक व्यायामाने शंभरी गाठण्याचे आश्वासन देतात ते ह्या विषयाशी प्रामाणिक नाहीत.

परंतु ह्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. महाविद्यालयात असताना जे नामांकित खेळाडू होते पण पुढे ज्यांनी हालचाल सोडली, त्यांना जुन्या खेळाचा काही लाभ उरला नव्हता. उलट जे तरुणपणी खेळाडू नव्हते परंतु पुढे नियमाने श्रम करू लागले, त्यांना लाभ मिळाला. येथे पूर्वपुण्याई चालत नाही. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना जसा उद्यासाठी साठवून ठेवता येत नसे, तसेच हे देहबल आहे. ते ज्या त्या दिवशी गोळा करावे लागते. तरुणपणी आपण कबड्डीचे मैदान गाजविले असेल. पण आज पासष्टाव्या वर्षी आपण काय करतो, हाच प्रश्न शरीर विचारते.

४. वर्षे आणि उपयोगाची वर्षे

खरा लाभ आयुष्याच्या लांबीत नसून त्याच्या स्वरूपात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स फ्राइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून पन्नाशी उलटलेल्या ५३८ धावपटूंची तुलना तशाच वयाच्या इतर निरोगी लोकांशी केली. एकोणीस वर्षांनंतर धावपटूंपैकी १५ टक्के, तर इतरांपैकी ३४ टक्के मृत्यू पावले होते. त्याहून महत्त्वाचे हे की कपडे घालणे, उठणे, चालणे ह्यांसारख्या रोजच्या कामांत अडचण सुरू होण्याचा काळ धावपटूंच्या बाबतीत सुमारे १६ वर्षांनी पुढे गेला होता. धावल्याने गुडघे झिजून निकामी होतील ही भीतीही ह्या अभ्यासात खरी ठरली नाही.

हेही मान्य केले पाहिजे की जो धावतो तो बहुधा तंबाखूपासून दूर राहतो व आहारही सांभाळतो. तेव्हा सारे श्रेय धावण्याला देता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. शेवटची दहा-पंधरा वर्षे अंथरुणाला खिळून काढावयाची की स्वतःच्या पायांवर, ह्यात हालचालीचा मोठा वाटा आहे. कुटुंबाच्या दृष्टीने पाहता ह्याहून मोठा प्रश्न कोणता?

५. वय अधिक शत्रू की विश्रांती?

आता आपण पाठाच्या गाभ्याशी आलो. अमेरिकेतील डॅलस शहरी १९६६ साली वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. त्यानंतर त्यांचा दम, म्हणजे श्रमाच्या वेळी शरीरास प्राणवायू पुरविण्याची शक्ती, मोजली तेव्हा ती फार घटलेली आढळली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासण्यात आले. आता ते पन्नाशीत होते, वजने वाढली होती. तरी तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जितकी शक्ती हिरावली होती, त्याहून अधिक ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने हिरावली होती! पुढे सहा महिने त्यांच्याकडून चालणे, हळूहळू धावणे, सायकल चालविणे असा क्रमाक्रमाने वाढता व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांचा दम तीस वर्षांपूर्वीच्या मूळ पातळीवर परत आला.

पाच माणसे म्हणजे फार लहान गट, हे खरे. परंतु ह्या गोष्टीचा अनुभव आपल्या प्रत्येक घराला आहे. आजारातून उठलेले वडील माणूस महिनाभर निजून राहते आणि मग ते पूर्वीसारखे चालूच शकत नाही. "वय झाले" असे आपण म्हणतो. पुष्कळदा दोष वयाचा नसून त्या महिन्याचा असतो.

मग नव्वदीच्या माणसाचे काय? बॉस्टन येथे मारिया फियातारोने ह्या वैद्यकतज्ज्ञ बाईंनी वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना मांड्यांच्या स्नायूंसाठी वजने उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. नऊ जणांनी आठ आठवड्यांचा क्रम पूर्ण केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक झाले. दोघांनी हातातली काठी सोडली. नव्वदाव्या वर्षीसुद्धा स्नायू हाकेला ओ देतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

ह्याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. वयपरत्वे स्नायूंचे तंतू कमी होतात, विशेषतः झटकन आकुंचन पावणारे. ठेच लागली असता हेच तंतू आपणांस सावरतात. वापर नसला की ही घट अधिक वेगाने होते. हाडांवर भार पडला नाही तर हाडे ठिसूळ होतात. स्नायू रक्तातील साखर खर्च करतात; ते रोडावले की मधुमेहास वाव मिळतो. म्हणजे ज्याला आपण केवळ "पायांतला जोर" म्हणतो, त्यावर हृदय, हाडे, रक्तशर्करा आणि तोल इतक्या गोष्टी अवलंबून असतात.

६. कोल्ली डोंगरावरील आजी

आता ग्रंथांतून बाहेर येऊन पुन्हा तामिळनाडूकडे वळू. कुंभकोणमहून कावेरीच्या उगमाच्या दिशेने गेल्यास नामक्कल जिल्ह्यात कोल्ली डोंगर लागतात. आज तेथे सत्तर वळणांच्या घाटरस्त्याने मोटार जाते. पण १९१३ साली जेस्सी व एव्हलिन ब्रँड हे मिशनरी जोडपे तेथे राहावयास गेले, तेव्हा पायवाटांनीच चढावे लागे. १९२९ साली हिवतापाच्या एका भयंकर प्रकाराने जेस्सी मरण पावले. एव्हलिनबाईंचे मन त्या डोंगरांतच गुंतले होते. परंतु मिशनने त्यांना पुढे सखल प्रदेशात काम दिले.

निवृत्तीचे वय झाल्यावर बहुतेक जण मायदेशी परततात. एव्हलिनबाई १८७९ साली जन्मलेल्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्या मिशनच्या सेवेतून मुक्त झाल्या आणि स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा डोंगर चढल्या. लोक त्यांना "ग्रॅनी", म्हणजे आजी, म्हणू लागले. वस्त्यावस्त्यांतून पायी व तट्टावर बसून त्या हिंडत, औषधे देत, पाण्यातून होणाऱ्या नारूच्या रोगाविरुद्ध लोकांस शिकवीत, सुवार्ता सांगत. पंचाहत्तरीत त्या घरात पडल्या व खुब्याचे हाड मोडले. त्यांचे चिरंजीव डॉ. पॉल ब्रँड हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे जगप्रसिद्ध शल्यविशारद. त्यांनी आईला आता थांबण्याची विनवणी केली. आपल्या घरांत आपण करतो तीच ही विनवणी! आईने ती मानली नाही. दोन हातांत दोन बांबूच्या काठ्या घेऊन त्या पुन्हा चालू लागल्या, पुन्हा तट्टावर बसू लागल्या. नव्वदी उलटल्यावर, तट्टावर बसणे अशक्य झाले तेव्हा, गावकरी त्यांना झोळीतून वस्त्यांवर नेऊ लागले. १९७४ साली ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोल्ली डोंगरावर पतीच्या शेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

ह्या चरित्रातून काय घ्यावे? "डोंगर चढल्यामुळे त्या पंचाण्णव वर्षे जगल्या" असे आपण म्हणणार नाही. पहिल्याच मुद्द्यात आपण तो मोह टाळावयाचे ठरविले आहे. घ्यावयाचे ते हे की पडल्यानंतर, हाड मोडल्यानंतरही त्यांनी अंथरुण हा आपला मुक्काम मानला नाही. आणि काठी घेणे हा पराभव मानला नाही. चालता यावे म्हणून काठी घ्यावयाची असते. काठी घ्यावी लागेल ह्या लाजेने चालणेच सोडावयाचे नसते. तसेच त्या केवळ आरोग्यासाठी चालत नव्हत्या. कोणीतरी त्यांची वाट पाहत होते म्हणून चालत होत्या. यहोशवाच्या चौदाव्या अध्यायात पंचाऐंशी वर्षांचा कालेब वाटणीच्या वेळी सपाट जमीन मागत नाही, डोंगराळ मुलूख मागतो. शक्ती व काम ह्यांची अशी सांगड असते : काम असले की शक्ती टिकते, शक्ती टिकली की काम करता येते.

७. दोन भ्रम टाळावेत

पहिला भ्रम : सुदृढ माणूस लवकर मरत नाही. एरिक लिडेल ह्यांचे नाव आपल्या वाचकांस परिचित आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रविवारी धावण्याचे नाकारून त्यांनी ४०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. मिशनरी म्हणून चीनमध्ये सेवा करीत असता, जपान्यांच्या नजरकैदेत, १९४५ साली मेंदूतील गाठीने ते वयाच्या ४३ व्या वर्षी वारले. उलट पंजाबचे फौजासिंग बालपणी पाच वर्षांचे होईपर्यंत चालूही शकत नव्हते. वयाच्या नव्वदीच्या आसपास ते मॅरेथॉन धावू लागले आणि पारपत्रावरील नोंदीनुसार शंभराव्या वर्षी, २०११ साली, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पुरी केली. २०२५ साली ११४ व्या वर्षी ते गेले तेही आजाराने नव्हे, तर रस्त्यावर वाहनाची धडक बसून. आयुष्याची दोरी कोणाच्या हाती आहे हे आपण जाणतो. व्यायाम हा मृत्यूशी केलेला करार नव्हे. मिळालेल्या देहाचा तो केवळ प्रामाणिक कारभार होय. प्रेषित पौलही तीमथ्याला लिहिताना शारीरिक कसरतीचा उपयोग नाकारीत नाही. तो मर्यादित असल्याचे मात्र सांगतो.

दुसरा भ्रम : कष्ट म्हणजे व्यायाम. कावेरीच्या खोऱ्यात भातलावणी करणाऱ्या स्त्रिया, आपल्याकडे ऊस तोडणारे मजूर, डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाया ह्यांच्या अंगाला श्रम कमी का पडतात? तरी ते दीर्घायुषी होतातच असे नाही. तासन्‌तास वाकून, अपुऱ्या अन्नावर, विश्रांतीवाचून केलेले तेच ते काम देह झिजविते. मनाजोगता, मोजका, हळूहळू वाढत जाणारा आणि मध्ये विसावा असलेला श्रम देह घडवितो. म्हणून साठी उलटलेल्या कष्टकऱ्यास व्यायामाचा उपदेश करण्यापूर्वी त्याला सकस अन्न, विसावा व निवृत्तिवेतन मिळते काय हे आपण पाहावे. बसून राहणाऱ्यास उठण्यास सांगावे. वाकलेल्यास आधी पाठ सरळ करू द्यावी.

८. मग करावे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील माणसांसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या घरगुती भाषेत अशा :

दम : आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तशा प्रकारचा श्रम. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. पाच दिवस रोज अर्धा तास चालले की हिशेब पुरा होतो. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे चालावे.

बळ : आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काम. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. कठड्यास हात ठेवून जिना चढावा.

तोल : आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व बळ ह्या दोहोंस उपयोगी पडतील अशा हालचाली. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळावा. टाचेला चवडा लावून एका रेषेत चालावे.

ह्या जोडीला आपली एक जुनी सवय मी आग्रहाने सुचवीन : जमिनीवर बसणे व उठणे. ब्राझीलमधील क्लाउडिओ गिल आराउजो ह्यांनी ५१ ते ८० वर्षांच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठावयास सांगितले. हात-गुडघ्यांचा जितका कमी आधार, तितके गुण अधिक. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात ज्यांचे गुण कमी त्यांच्यात पुढील सुमारे सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. कुंभकोणमला केळीच्या पानावर आणि आपल्याकडे पाटावर बसून जेवणारी पिढी ही परीक्षा दिवसातून दोनदा देत असे. उपासनेत गुडघे टेकून पुन्हा उभे राहणारी आजीही ती देतच असते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी मात्र हट्ट करू नये. त्यांच्यासाठी खुर्ची आहे.

आरंभ बेताने करावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, भोवळ, एकाएकी धाप लागणे ह्यांपैकी काही झाल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावा. आहारात डाळी, दूध, अंडी, मासे असे बळ देणारे अन्न असावे. नुसत्या चहा-बिस्किटांवर स्नायू पोसले जात नाहीत.

९. कुटुंबास व मंडळीस विनंती

शेवटी एक शब्द तरुणांसाठी. वडिलांच्या हातून पिशवी घेताना थोडे थांबा. ती अर्धी करा, पण पुरती काढून घेऊ नका. जिन्याला कठडा लावा, न्हाणीघरात धरावयास दांडी लावा, रात्री दिवा ठेवा. पण जिना बंद करू नका. आजारातून उठलेल्या आईला डॉक्टरांची परवानगी मिळताच हात धरून दारापर्यंत, मग अंगणापर्यंत न्या. मंडळीतही वृद्धांसाठी केवळ सत्काराच्या खुर्च्या मांडू नका. आजाऱ्यांच्या भेटी, मुलांना वचने शिकविणे, बागेची निगा अशी कामे त्यांच्याकडे सोपवा आणि त्यांच्याबरोबर चालत जा.

आणि साठी उलटलेल्या वाचकहो, आपणांस एवढेच सांगणे : साठावी पायरी ही बसण्याची पायरी नव्हे. पुढे किती पायऱ्या आहेत हे आपल्या हाती नाही. जी पुढची आहे तिच्यावर पाय ठेवण्याचे बळ राखणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. ते आजच गोळा करावे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील वडील माणसांची कोणती कामे आपण प्रेमापोटी बंद केली आहेत? त्यांतील कोणती त्यांना परत देता येतील?

२. हातांचा आधार न घेता आपण खुर्चीवरून पाच वेळा उठू शकता काय? नसल्यास ह्या आठवड्यात कोठून आरंभ कराल?

३. एव्हलिन ब्रँड ह्यांना चालण्यास कारण होते. आपली वाट पाहणारे असे कोण आहे?

४. आपल्या परिसरातील वृद्ध कष्टकऱ्यांना व्यायामापेक्षा विसाव्याची गरज आहे काय? त्यासाठी आपली मंडळी काय करू शकेल?